काही दुखत नसताना दाताच्या दवाखान्यात

माझ्या मोठ्या मुलाला पहिल्यांदा दाताच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा तो साडेचार वर्षांचा होता आणि त्याचा उजवा गाल टम्म सुजला होता. रात्रभर तो झोपला नव्हता, आम्हीही नाही. सकाळी सांगलीच्या विश्रामबागेतून रिक्षात बसलो तसं त्यानं विचारलं, "आई, कुठं चाललोय?" मी म्हणाले, "आइस्क्रीम खायला." आत गेल्यावर दोघांनी हातपाय धरले, मी डोकं धरलं आणि दहा मिनिटांत पू काढून झाला. डॉक्टरांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही, त्या दिवशी ते करणं भागच होतं. पण बाहेर आल्यावर हुंदके थांबले तेव्हा पोरगं माझ्याकडे बघून एवढंच म्हणालं, "आइस्क्रीम नव्हतंच." पुढं दोन वर्षं त्या रस्त्यानं जातानासुद्धा तो तोंडावर हात ठेवायचा.

धाकटीला चौदाव्या महिन्यात नेलं. तिला काहीच झालेलं नव्हतं, म्हणूनच नेलं. दुखण्यानं कळवळणाऱ्या मुलाची तयारी करता येत नाही, त्याला फक्त धरता येतं. खाली लिहिलंय ते या दोन फेऱ्यांमधून शिकलेलं, आणि बरंचसं नंतर डॉक्टरांना विचारून विचारून घेतलेलं.

कधी न्यायचं

पहिला दात दिसल्यापासून सहा महिन्यांच्या आत, किंवा फार तर पहिल्या वाढदिवसापर्यंत. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक डेंटिस्ट्रीसारख्या संघटना हेच सांगतात. आमच्याकडे हे सांगितल्यावर सासूबाई हसल्या होत्या. "एवढ्याशा पोरीला? दातच चार आहेत की. आणि दुधाचे दात, पडायचेच आहेत."

पडायचे आहेत हे खरं, पण कधी ते बघा. दुधाचे दात एकूण २०. साधारण सहाव्या महिन्यात खालचे पुढचे दोन डोकावतात, कुणाला चौथ्यात, कुणाला वर्ष उलटल्यावर. (वरचे आधी आले तर मामाला जड जातं म्हणतात. माझ्या धाकटीचे वरचेच आधी आले. मामा ठणठणीत आहे.) अडीच-तीन वर्षांपर्यंत सगळे येतात. पुढचे दात सहा-सात वर्षांना पडायला लागतात, पण मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. म्हणजे चौथ्या वर्षी किडलेल्या दाढेला अजून सहा-सात वर्षं भाकरी चावायची असते. ती लवकर काढावी लागली तर शेजारचे दात मोकळ्या जागेकडे कलतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताला वाटच उरत नाही. तो वाकडातिकडा येतो आणि मग तेराव्या वर्षी तारांचा खर्च.

आणखी एक गोष्ट, जी मला मोठ्याच्या वेळी कुणीच सांगितली नव्हती. सहाव्या वर्षाच्या आसपास पहिली पक्की दाढ येते, ती कुठलाही दात न पडता, सगळ्यात मागं, गुपचूप. दात पडला नाही म्हणजे नवा आला नाही असं आपण धरून चालतो. ती किडली तरी "दुधाचीच असेल" म्हणून सोडून देतो. ती जन्मभराची दाढ असते.

मूल आता चार-पाच वर्षांचं झालंय आणि अजून नेलं नाही, म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. ठणका लागायच्या आत न्या, एवढंच.

कुठं न्यायचं

लहान मुलांच्या दातांचे वेगळे डॉक्टर असतात. बीडीएस झाल्यावर मुलांच्या दंतचिकित्सेत तीन वर्षांचं एमडीएस केलेले. पाटीवर 'पेडोडॉन्टिस्ट' किंवा 'बालदंतरोगतज्ज्ञ' असं लिहिलेलं असतं. नुसती पहिली तपासणी करायला नेहमीचे दाताचे डॉक्टरही चालतात, त्यांना मुलांची सवय आणि धीर असेल तर. मूल खूप लहान असेल, आधी घाबरलेलं असेल, किंवा त्याला काही वेगळी गरज असेल, उदाहरणार्थ स्वमग्नता (ऑटिझम) किंवा फिट येणं, तर मात्र तज्ज्ञच शोधा.

सांगलीकरांची एक सोय आहे. दोन डेंटल कॉलेजं हाताशी आहेत: सांगली-मिरज रस्त्यावर वानलेसवाडीला भारती विद्यापीठाचं आणि तासगावच्या वाटेवर कवलापूरला वसंतदादा पाटील डेंटल कॉलेज. साताऱ्याकडच्यांना कराडच्या कृष्णा विद्यापीठाचं. अशा कॉलेजांत मुलांच्या दातांचा वेगळा विभाग असतो. शिकणारे डॉक्टर सरांच्या देखरेखीखाली काम करतात आणि खर्च खाजगीपेक्षा बराच कमी येतो. तोटा एकच, वेळ. नोंदणीची रांग, मग विभागाची रांग, मग विद्यार्थी बघणार, मग सर येऊन बघणार. तीन वर्षांच्या पोराला घेऊन तिथं सकाळचे तीन तास काढायचे म्हणजे तुमचीच परीक्षा. पण पैशाची अडचण असेल किंवा उपचार मोठा असेल तर जरूर जा.

अंगणवाडीत किंवा सरकारी शाळेत मूल असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. ही योजना २०१३ पासून आहे. पथकानं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासायचं असतं, त्यात दातही बघतात. "पथक येऊन गेलं" एवढ्यावर समाधान मानू नका. बाईंना विचारा, माझ्या मुलाच्या कागदावर दातांबद्दल काय लिहिलंय? पुढं पाठवायची चिठ्ठी दिली असेल तर ती दप्तरातच चुरगळून पडलेली असते, हा स्वानुभव.

खाजगी दवाखाना ठरवताना आधी फोन करा. मी चार ठिकाणी केला होता. विचारायचं ते असं: पहिल्या दिवशी फक्त बघणार का, की लगेच काम सुरू करणार? आई किंवा बाबा आत थांबलेले चालतात का? सकाळची वेळ मिळेल का? तपासणीची फी किती? दुसऱ्या प्रश्नाला एका ठिकाणहून "पालक असले की मुलं जास्त नाटक करतात" असं उत्तर आलं. काही डॉक्टर काही वेळा पालकांना बाहेर थांबवतात आणि त्याला कारणही असतं. पण पहिल्याच भेटीला, सव्वा वर्षाच्या लेकराच्या बाबतीत "नाटक" हा शब्द ऐकला आणि मी तो नंबर खोडला.

घरातल्या तोंडाची तयारी

मुलाच्या तोंडाआधी आपल्या तोंडाची तयारी करायला लागते. मराठी घरात दाताचा उल्लेख कसकसा येतो ते एक दिवस कान देऊन ऐका. "दात पाडून हातात देईन." "दात घशात घालीन." "गप्प बस, नाहीतर डॉक्टरला सांगून सुई टोचायला लावीन." त्यात रात्री जेवताना काकांनी आपल्या रूट कॅनलची गोष्ट काढायची आणि आजोबांनी मिरजेच्या कुठल्याशा डॉक्टरांनी छातीवर गुडघा ठेवून दाढ उपटल्याची. सगळे हसतात. कोपऱ्यात वरण-भात चिवडणारं पोर हसत नाही, ते ऐकत असतं.

म्हणून जायच्या आठवडाभर आधी घरात सगळ्यांना ताकीद द्या. डॉक्टर आणि सुई हे शब्द धाक म्हणून वापरायचे नाहीत. आपल्या दाढांच्या कहाण्या मूल झोपल्यावर. सासूबाईंना हे सांगणं अवघड गेलं. मग मी त्यांना वेगळंच काम दिलं: नातीला रोज दुपारी सांगायचं की डॉक्टरकाका दात मोजतात. त्या मनापासून कामाला लागल्या. माणसाला तोंड बंद ठेव म्हणण्यापेक्षा दुसरं काही बोलायला दिलेलं बरं.

मुलाला काय सांगायचं? थोडं आणि खरं. "आपण दाताच्या डॉक्टरांकडे जाणार आहोत. ते छोट्या आरशानं तुझे दात बघतील आणि मोजतील." बस्स. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला आदल्या संध्याकाळी सांगितलं तरी पुरतं. आठवडाभर आधी सांगितलं तर त्याला आठवडा म्हणजे काय ते कळत नाही, नुसती कुजबुज कळते. चार-पाच वर्षांच्या मुलाला दोन-तीन दिवस आधी सांगा.

"अजिबात दुखणार नाही हं" हे वाक्य टाळा. मुलाला त्यातलं 'दुखणार' तेवढं ऐकू येतं. तोवर त्याच्या मनात दुखण्याचा विषयही नसतो, तो आपण नेऊन ठेवतो. त्यानं आपणहून विचारलं, "दुखेल का?" तर म्हणा, "आज फक्त बघणार आहेत. तुला काही वाटलं तर हात वर कर, ते थांबतील." आणि हे डॉक्टरांना आधी फोनवर सांगून ठेवा, म्हणजे हात वर झाल्यावर खरंच थांबतील. नाहीतर तेही आइस्क्रीमच.

मुलांचे डॉक्टर हत्यारांना वेगळी नावं देतात. लाळ ओढणारी नळी म्हणजे 'पाणी पिणारा पाइप', हवा-पाण्याचा फवारा म्हणजे 'पिचकारी', एक्स-रे म्हणजे 'दाताचा फोटो'. तुमचे डॉक्टर कुठले शब्द वापरतात ते विचारून घ्या आणि घरी तेच वापरा. घरी 'मशीन' आणि तिथं 'पिचकारी' झालं की मूल गोंधळतं आणि मग दोन्हीला भितं.

आमिषाचंही तसंच. "रडला नाहीस तर कॅडबरी" म्हटलं की दोन गोष्टी पोचतात: रडण्यासारखं काहीतरी आहे, आणि दाताच्या डॉक्टरांकडून आल्यावर कॅडबरी खायची असते. काही द्यायचंच असेल तर आधी कबूल न करता नंतर आमराई बागेत घसरगुंडीवर न्या.

तालीम

हा भाग मला सगळ्यात आवडला, आणि सगळ्यात उपयोगी तोच पडला. रोज पाच मिनिटं, सात-आठ दिवस.

आधी खोटे डॉक्टर मोठ्यांनी नाही, मुलानं व्हायचं. मी जमिनीवर आडवी झाले, लेकीच्या हातात स्टीलचा छोटा चमचा दिला आणि आ केला. तिनं चमचा माझ्या दातांवर टक टक वाजवला आणि स्वतःच दचकली. मग हसली. दुसऱ्या दिवशी बाहुलीची पाळी, तिसऱ्या दिवशी दादाची. दादा, म्हणजे आमचा तो घाबरलेला मोठा, आधी दारातूनच बघत होता. बहिणीसमोर आ करायला मात्र आपणहून आला. तिची पाळी चौथ्या दिवशी.

चमचा का? कारण आरसा तसाच असतो, थंड आणि धातूचा, आणि दाताला लागला की तसाच आवाज करतो. तोंडात गार लोखंड लागणं ही मुलाला पूर्णपणे नवी गोष्ट असते. चमच्याचा दांडा आधी गालाला लावा, मग ओठाला, मग दाताला. चमच्याचं टोक जिभेच्या मागं नेऊ नका, उमासा येतो आणि सगळा खेळ बिघडतो.

मग झोपणं. खुर्ची मागं जाते तेव्हा बरीच मुलं बिथरतात. पायाखालून जमीन सुटते आणि डोळ्यांवर दिवा येतो. आमच्याकडे आजोबांची कापडी आरामखुर्ची होती, तिच्यात आडवं करून मोबाइलचा टॉर्च हनुवटीकडून लावायचो, डोळ्यांत नाही. आणि मोजायचं, मोठ्यानं, एक-दोन-तीन. दहापर्यंत तोंड उघडं ठेवता आलं की टाळ्या. मोठ्या मुलांना नाकानं श्वास घ्यायला शिकवा. तोंड उघडं ठेवून नाकानं श्वास घेणं वाटतं तितकं सोपं नाही, स्वतः करून बघा.

याच टॉर्चच्या उजेडात मला एक गोष्ट दिसली. दादाच्या मागच्या दाढेच्या खाचेत तपकिरी काहीतरी होतं. माझ्या पोटात गोळा. कीड! ओल्या फडक्यानं पुसलं तर निघालं: बेदाणा. दुपारी चार वाजता खाल्लेला, रात्री नऊपर्यंत तिथंच ठाण मांडून. आमच्याकडे तासगावचा बेदाणा म्हणजे घरचं खाणं, माहेरून पिशव्या येतात, पोरं खिशात भरून हिंडतात. चॉकलेटपेक्षा बरं म्हणून मीच देत होते. बेदाणा वाईट नाही, पण तो चिकटतो, आणि चिकटलेली साखर तासन् तास दाताला लागून राहते. जंतू ती खातात आणि आम्ल तयार करतात, त्यानं दात झिजतो. किती गोड खाल्लं यापेक्षा दिवसात कितीदा खाल्लं आणि किती वेळ चिकटून राहिलं, हे जास्त महत्त्वाचं. आता बेदाणे जेवणाबरोबर देतो, खिशात भरून नाही. गुळाचा खडा, चिक्की, कंदी पेढे, सगळ्यांना तोच नियम. आणि उसानं दात साफ होतात हे आमच्या गावचं लाडकं तत्त्वज्ञान, त्यात साखर किती असते ते साखर कारखान्याला विचारा.

टॉर्च हातात आहेच तर वरचा ओठ उचलूनही बघा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची पहिली पायरी असू शकते. या टप्प्यावर ती थांबवता येते, बरेचदा मागेही फिरवता येते. तीच पुढं पिवळी, मग तपकिरी होते. रात्री तोंडात दुधाची बाटली ठेवून झोपणाऱ्या मुलांत वरचे पुढचे चार दात आधी जातात आणि खालचे शाबूत राहतात, कारण खालच्यांवर जीभ पांघरूण घालते. हे दिसलं तर डॉक्टरांना सांगायला लक्षात ठेवा.

तालमीचा खरा कणा मात्र रोजचं ब्रश करणं. ज्या मुलाचे दात आई-बाबा घासून देतात, त्याला दुसऱ्याचा हात तोंडात जाण्याची सवय आधीच असते. सात-आठ वर्षांचं होईपर्यंत रात्रीचं ब्रश मोठ्यांनीच करावं, मुलाला सकाळी करू दे हवं तेवढं. मूल मांडीवर, त्याचं डोकं तुमच्या पोटाला टेकलेलं, मागून घासायचं. समोर उभं राहून घासलं तर दाढा दिसतच नाहीत. पेस्ट फ्लोराइडची: तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षं वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर वेटोळं दाखवतात, ते पेस्ट खपावी म्हणून. आपल्याकडे टूथपेस्टमध्ये फ्लोराइडची कमाल मर्यादा १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार) आहे. मुलांच्या रंगीत ट्यूबांवर आकडा वाचा, काहींत फारच कमी असतं, काहींत नसतंच. आणि घरात कुणी मशेरी लावत असेल तर त्या डबीला मुलाचं बोट लागता कामा नये. तो तंबाखू आहे, दंतमंजन नव्हे.

वेळ, खाणं, पिशवी

सकाळची वेळ घ्या, मूल ताजंतवानं असतं. दुपारी झोपेच्या वेळेला गेलात तर तुमची आठवडाभराची तालीम एका जांभईत जाईल. जत-आटपाडीकडून येणाऱ्यांना पहाटेच्या एसटीनं दोन-अडीच तास प्रवास करून थेट खुर्चीत बसवण्यापेक्षा एखाद्या पाहुण्याकडे आधी टेकून, तोंड धुऊन, थोडं खेळवून नेलेलं बरं.

उपाशी नेऊ नका, पोट तट्ट भरूनही नको. दीड-दोन तास आधी मऊ काहीतरी: उपमा, दूध-भाकरी. खाऊन लगेच गेलं तर आरसा मागं गेल्यावर उलटी व्हायची भीती असते.

बरोबर एकच मोठं माणूस, फार तर दोन. मुलाच्या आवडीचं माणूस, घाबरट नसलेलं. आमच्याकडे ते मी नव्हते. मोठ्याच्या प्रसंगानंतर माझेच हात त्या वासानं गार पडायचे, म्हणून धाकटीला घेऊन आत्या आत गेली आणि मी बाजूच्या स्टुलावर बसले. आपण घाबरतो ते मुलाला मांडीच्या स्नायूंवरून कळतं, तोंडानं कितीही गोड बोला.

पिशवीत मुलाची फाइल, लसीकरणाचं कार्ड, चालू औषधांचे कागद, एक आवडतं खेळणं, एक पंचा. डॉक्टरांनी विचारायच्या आत सांगायच्या गोष्टी: जन्मतः हृदयात छिद्र किंवा दुसरा दोष (काही मुलांना काही उपचारांआधी अँटिबायोटिक द्यावं लागतं), दमा, फिट, कुठल्या औषधाची अॅलर्जी, कापलं तर रक्त लवकर न थांबणं, दिवस भरण्याआधी झालेला जन्म. रात्री देत असलेली गोड सिरपं सुद्धा सांगा, ती पाजून तसंच झोपवलं तर दातावर साखरेचा थर राहतो.

खुर्चीपाशी

अगदी लहान मुलाला खुर्चीत बसवतच नाहीत. डॉक्टर आणि पालक समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसतात. मूल पालकाच्या कमरेला पाय घालून त्यांच्याकडे तोंड करून बसतं, मग हळूच मागं आडवं होतं आणि डोकं डॉक्टरांच्या मांडीवर येतं. त्याला वर बघितलं की आपला चेहरा दिसतो. धाकटीचं असंच झालं. आत्यानं दोन्ही हात धरले, धरले म्हणजे हातात हात घेतले. डॉक्टरांनी ओठ उचलला. ती रडली, चांगली जोरात. डॉक्टर म्हणाले, "रडू दे, तोंड आपोआप उघडतं." सगळी तपासणी दोन मिनिटांत आटोपली. उचलून घेतलं तशी ती गप्प झाली आणि आरशाकडे हात केला. तीन वर्षांच्या आतलं मूल रडणं म्हणजे भेट फसली असं नव्हे. अनोळखी माणसापुढं आडवं होऊन रडणं हे त्या वयाचं काम आहे.

थोड्या मोठ्या मुलांशी डॉक्टर एक पद्धत वापरतात: आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं. अॅडलस्टन नावाच्या दंतवैद्यानं १९५९ साली ती मांडली आणि जगभर अजून तीच चालते. फिरणारा ब्रश आधी मुलाच्या नखावर फिरवून दाखवतात, मग दातावर. ही पद्धत चालू असताना आपलं काम एकच, गप्प बसणं. आपण मध्येच "आ कर बाळा, मोठा आ, शहाणा ना तू, बघ ती पिचकारी, काही नाही होत" अशी सरबत्ती लावली की मुलाला दोन आवाज येतात आणि ते आईचाच ऐकतं. पायावर हात ठेवा आणि डॉक्टरांना बोलू द्या.

डॉक्टर घाई करत असतील, मुलावर ओरडत असतील, तर "आज एवढंच राहू दे, आम्ही परत येतो" असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. अपवाद एकच. सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकतेय, ताप आहे, तोंड उघडत नाही किंवा गिळता येत नाही, तर धीर-बीर बाजूला ठेवून त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्री, मोठ्या दवाखान्यात. दातदुखीवर लवंगेचं तेल थेट हिरडीला चोळू नका, लहान मुलांची कातडी भाजते. आणि घरातली अॅस्पिरिन मुलाला नाही.

डॉक्टर बोलतात तेव्हा

पांढरे डाग असतील तर फ्लोराइडचं वार्निश लावतात, ब्रशनं रंग फासावा तसं, दुखत नाही. त्या रात्री दात घासायचे की नाही आणि काय खायचं नाही ते विचारून घ्या. लहान कीड असेल तर कधी सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचा थेंब लावतात. ड्रिल नाही, सुई नाही, पण किडलेला भाग कायमचा काळा होतो. हे आधी सांगितलं नाही तर घरी जाऊन "दात काळा पडला" म्हणून रडारड होते. कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचली असेल तर दुधाच्या दाताचंही रूट कॅनलसारखं काम करून वर स्टीलची टोपी बसवतात. ती चंदेरी दिसते, लोक विचारतात. विचारू देत.

प्रत्येक उपचारापुढं दोन प्रश्न: आत्ता नाही केलं तर काय होईल, आणि किती वेळा यावं लागेल? भूल दिली असेल तर दोन-तीन तास ओठ बधिर असतो आणि मुलं तो गंमत म्हणून चावतात. रक्त येईपर्यंत चावतात, कळतच नाही. तेवढा वेळ खायला देऊ नका आणि नजर ठेवा.

आधीच घाबरलेल्या मुलासाठी

मोठ्याला परत न्यायला मला दोन वर्षं लागली. बहिणीच्या तपासणीला तो पायरीपर्यंत आला, आत नाही. आधी मी त्याची माफी मागितली. "मी तेव्हा आइस्क्रीमचं खोटं सांगितलं. चुकलं माझं. आता खोटं सांगणार नाही." तो काही बोलला नाही.

पुढच्या तीन भेटी आम्ही काहीही उपचार न करता काढल्या आणि डॉक्टरांनी त्याला साथ दिली. पहिल्या भेटीत तो फक्त खुर्चीवर बसला आणि वर-खाली करायचं बटण त्यानं स्वतः दाबलं. दुसऱ्यात आरसा हातात घेऊन त्यानं डॉक्टरांचे दात मोजले, २८ भरले. "तुमचे चार कमी आहेत," म्हणाला. अक्कलदाढांची गोष्ट त्यांनी त्याला तिथंच सांगितली. तिसऱ्यात त्याचे दात मोजले गेले, आणि मागं सहाव्या वर्षाची दाढ आलेली सापडली, आम्हाला कुणालाच न कळता.

चौथ्या भेटीत त्या दाढेच्या खाचा सीलंटनं, म्हणजे कीड बसू नये म्हणून लावायच्या पातळ लेपानं, भरायच्या होत्या. जाताना रिक्षात त्यानं विचारलं, "आज काय करणार?" मी सांगितलं, जसंच्या तसं: ब्रश, पाणी, निळा दिवा. त्यानं डावा हात वर करून दाखवला, "असा केला की थांबायचं." काम अर्ध्यावर आलं आणि हात वर गेला. डॉक्टर लगेच थांबले, हत्यार बाजूला ठेवलं. "काय झालं?" तो म्हणाला, "काही नाही." आणि हात आपणहून खाली घेतला.